फोन उचलला की नेट जातं? आधी स्प्लिटर बघा

फोनची रिंग वाजली की मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो, दोन-तीन मिनिटं नेट गायब, मग आपोआप परत. किंवा नेट ठीक चाललंय, पण फोन कानाला लावला की मागे सतत 'सुंऽऽ' असा आवाज. तांब्याच्या वायरीवरून ब्रॉडबँड घेणाऱ्या घरात यातली कुठलीही तक्रार आली, की प्लॅन किंवा मोडेम बदलायच्या आधी एक गोष्ट मोजा. फोनच्या वायरीला घरात एकूण किती वस्तू जोडल्या आहेत, आणि त्यातली कुठली स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि नेट वेगळं ठेवणाऱ्या डबीच्या, मागे नाही?

ज्यांच्या घरी फायबर आलं त्यांना यातलं काही लागत नाही. तिथे फोन थेट ओएनटीच्या, म्हणजे घरातल्या फायबरच्या पेटीच्या, फोन-सॉकेटला लागतो. जुना स्प्लिटर सवयीने मध्ये राहिला असेल तर काढून टाका. हे सगळं लिहितोय ते ज्यांची तांब्याच्या दोन वायरींची जोडी अजून खांबावरच्या डीपीतून, म्हणजे जोड्या वाटणाऱ्या पेटीतून, ड्रॉप वायरने घरात येते त्यांच्यासाठी. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, तेव्हा मोडेमच्या खोक्यातून तीन तोंडांची एक छोटी पांढरी डबी घरोघर आली, तोच स्प्लिटर. तिच्याकडे तेव्हापासून फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं असं माझं मत आहे.

त्या जोडीवर एकाच वेळी काय काय चालतं ते आधी समजून घेऊ. एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा डीसी येतो, त्यावर फोन जिवंत राहतो. रिंग येते तेव्हा त्याच जोडीवर साधारण ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा एसी चढतो. आपलं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतं. आणि इंटरनेट सुरू होतं ते साधारण २६ किलोहर्ट्झच्या वर. २६ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये आपल्याकडून जाणारा डेटा, त्याच्या वर येणारा. साध्या एडीएसएलमध्ये, म्हणजे फोनच्या वायरीवरच्या नेटच्या जुन्या प्रकारात, ही हद्द ११०४ किलोहर्ट्झला संपते, त्याच्या पुढच्या एडीएसएल टू प्लसमध्ये २२०८ ला. म्हणजे बोलणं आणि नेट यांच्यामध्ये ४ ते २६ किलोहर्ट्झ अशी मोकळी जागा सोडलेली आहे. स्प्लिटरची भिंत त्याच जागेत उभी असते.

भिंत एकाच बाजूला लागते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्प्लिटर मोडेमसाठी नसतो, फोनसाठी असतो. साधा स्प्लिटर उघडून पाहिलात तर 'लाइन' आणि 'मोडेम' ही दोन तोंडं आतून सरळ एकमेकांना जोडलेली दिसतील. कॉइल आणि कपॅसिटर आहेत ते फक्त 'फोन'च्या वाटेवर. कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवते. कपॅसिटर दोन वायरींमध्ये आडवा बसलेला असतो, कॉइल ओलांडून जे थोडंफार येतं ते तो तिथेच जिरवतो. डीसी, रिंग आणि बोलणं विनाअडथळा पुढे जातं.

हे नसेल तर दोन्हीकडून नुकसान होतं. नेटची फ्रिक्वेन्सी आपल्या कानाला ऐकू येण्यापलीकडची असली, तरी फोनच्या आतल्या डायोड-ट्रान्झिस्टरमध्ये शिरली की तिचा काही भाग ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरतो. ती 'सुंऽऽ' तिथून येते. दुसरीकडे, फोनचं सर्किट वरच्या फ्रिक्वेन्सीला आडवी वाट करून देतं आणि मोडेमचा सिग्नल खाऊन टाकतं. मोडेम सुरू होताना लाइन मोजतो. ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या २५६ कप्प्यांपैकी, टू प्लस असेल तर ५१२ पैकी, कुठल्या कप्प्यावर किती भार टाकायचा ते ठरवतो आणि तसं एक्स्चेंजमधल्या डीएसलॅमला, म्हणजे लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला, कळवतो. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला, की वायरीची सगळी मापं एका क्षणात बदलतात आणि ठरलेला हिशेब चुकतो. मोडेम सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. ती दोन-तीन मिनिटं म्हणजे हे पुन्हा मोजणं.

कशाकशाला फिल्टर लागतो

मोडेम सोडून त्या जोडीला लागलेल्या प्रत्येक वस्तूला. रोजचा फोन लक्षात राहतो, बाकीच्या वस्तू निसटतात. वरच्या मजल्यावरचा पॅरलल फोन, कॉर्डलेसचा बेस, कॉलर आयडीची वेगळी डबी, गच्चीत आवाज जावा म्हणून लावलेली जादा घंटी. दुकानात फॅक्स मशीन, फोनच्या लाइनवर चालणारं जुनं कार्ड स्वाइप मशीन, चोरीच्या अलार्मचा डायलर. सोलापुरात नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत खाली दुकान, मागे गोदाम, वर घर अशी रचना असते. तिथे एका नंबरावर चार-पाच वस्तू सहज निघतात, आणि त्यातली एक कुणाच्याही स्मरणात नसते. बंद पडलेला, माळ्यावर टाकलेला, पण वायर तशीच जोडलेली असा जुना फोनसुद्धा मोजा. तो वाजत नसला तरी त्याचं सर्किट लाइनवर आहेच.

इंटरकॉमची पेटी असेल, म्हणजे ईपीएबीएक्स, तर स्प्लिटर तिच्या आधी लागतो. बाहेरची जोडी स्प्लिटरच्या 'लाइन'मध्ये, 'फोन'मधून निघालेली वायर ईपीएबीएक्सच्या ट्रंकला, मोडेम स्प्लिटरवरच. एक्स्टेन्शनला मोडेम लावून नेट कधीच येणार नाही, कारण पेटी बोलण्यापुरतंच पुढे सोडते. आणि पेटीमागच्या एक्स्टेन्शनवरच्या फोनना वेगळे फिल्टर लागत नाहीत.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक तीन तोंडांचा स्प्लिटर: लाइन, फोन, मोडेम. दुसरा एक आत, एक बाहेर असा छोटा लाइन फिल्टर, ज्याला मायक्रोफिल्टर म्हणतात. तो फक्त फोनच्या आधी लावायचा. काउंटरवर दोघांनाही 'स्प्लिटर' म्हणतात, म्हणून तोंडं मोजूनच घ्या.

आणि तिसरी एक वस्तू आहे, जी फिल्टर नाहीच. एका सॉकेटचे दोन करणारी साधी 'टू-वे'. तिलाही स्प्लिटर म्हणून विकतात. आत तांब्याच्या पट्ट्यांशिवाय काही नसतं, हातात घेतली तर रिकामी लागते. ती लावून नेट चालू होतं, फोन लागतो, आणि पहिला कॉल येईपर्यंत सगळं ठीक वाटतं. ओळखायची खात्रीची पद्धत मल्टिमीटर. वस्तू लाइनपासून पूर्ण सोडवून ओहमवर तपासा. जोडी लागलेली असताना ओहम मोजू नका, ४८ व्होल्टने रीडिंग चुकतं, आणि तेवढ्यात रिंग आली तर मीटरला आणि बोटांना दोन्हीला झटका बसतो. 'लाइन'च्या एका वायरीपासून 'फोन'च्या त्याच बाजूच्या वायरीपर्यंत काही ओहम ते काही दहा ओहम दाखवायला हवेत, तो कॉइलचा अवरोध. सरळ शून्य आलं तर आत कॉइल नाही. अनंत आलं तर कॉइल जळलेली आहे. आणि दोन वायरींच्या मध्ये, आडवं, काही न लावता मोजलं तर वाट बंद दिसायला हवी. तिथे कमी ओहम आले तर कपॅसिटर शॉर्ट झालाय. वीज कडाडून गेल्यावर हाच बिघाड बरेचदा सापडतो.

कुठे लावायचा

फोन एक आणि मोडेम एक, दोन्ही एकाच टेबलावर असतील तर विषय सोपा. रोझेट बॉक्समधून, म्हणजे फोनच्या वायरी जोडायच्या भिंतीवरच्या डबीतून, आलेली वायर 'लाइन'मध्ये, मोडेमची वायर 'मोडेम'मध्ये, फोनची 'फोन'मध्ये. तरीही चूक होते, कारण तिन्ही तोंडं सारखी दिसतात आणि पिन तिन्हीकडे बसते. चूक कुठली झाली ते लक्षणावरून कळतं. मोडेम 'फोन'च्या तोंडात गेला असेल तर फोन लागेल, पण डीएसएलचा दिवा कधीच स्थिर होणार नाही, कारण सिग्नल भिंतीपलीकडे अडकला. बाहेरची वायर 'फोन'मध्ये आणि फोन 'लाइन'मध्ये असं उलटं झालं तरी तोच परिणाम. फोन 'टू-वे' लावून 'मोडेम'च्याच तोंडावर घेतला तर दोन्ही चालतील, पण 'सुंऽऽ' येईल आणि उचलल्यावर नेट पडेल. ही तिसरी चूक सर्वांत चिवट, कारण सगळं चालतंय असं वाटत राहतं. वायरीतली लाल-हिरवी उलट झाली तर मात्र घाबरू नका, मोडेमला आणि आजच्या फोनना त्याने फरक पडत नाही. आरजे ११ पिनच्या मधल्या दोन पट्ट्या नीट लागल्या म्हणजे झालं.

घरात पॅरलल फोन असतील तर दोन मार्ग. प्रत्येक फोनजवळ एकेक मायक्रोफिल्टर लावा, किंवा लाइन घरात शिरते तिथेच एक स्प्लिटर बसवून सगळे फोन त्याच्या मागे घ्या. मी दुसऱ्या मार्गाच्याच बाजूचा आहे. प्रत्येक मायक्रोफिल्टर वायरीला थोडी थोडी कपॅसिटन्स जोडत जातो. एक-दोन असताना जाणवत नाही, चारच्या पुढे बोलण्याचा आवाज दबतो आणि मोडेमचं मार्जिनही, म्हणजे गोंगाटाच्या वरची सिग्नलची शिल्लक, उतरतं. शिवाय घरभर पसरलेल्या फोनच्या वायरी नेटच्या वाटेवरच राहतात, फिल्टर असला तरी.

या वायरींचं नुकसान कमी लेखलं जातं, म्हणून इथे थोडं थांबतो. मुख्य वायरीला मध्येच फाटा फुटून पंचवीस मीटर वायर मागच्या खोलीत गेली आहे आणि तिचं टोक मोकळं आहे, असं समजा. सिग्नल त्या फाट्यात शिरतो, मोकळ्या टोकाला आपटतो आणि परत येतो. ज्या फ्रिक्वेन्सीच्या लहरीचा पाव भाग फाट्याच्या लांबीएवढा, ती उलटी होऊन परतते आणि मूळ सिग्नललाच खोडते. टेलिफोनच्या जोडीत सिग्नल सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबाने पंचवीस मीटरचा फाटा २ मेगाहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, म्हणजे एडीएसएल टू प्लसच्या वरच्या टोकाला. पन्नास मीटरचा फाटा १ मेगाहर्ट्झला, म्हणजे भर मध्यावर. दहा मीटरचा फाटा ५ मेगाहर्ट्झवर खोडतो, तिथे एडीएसएल पोहोचतच नाही. पण त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी वापरणारं व्हीडीएसएल असेल तर तोही नडतो. मोकळ्या टोकाला फोन नाही म्हणून फिल्टरचा प्रश्न नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात तो फाटा फिल्टरने सुटत नाही, तोडावाच लागतो.

म्हणून काम असं करा. पहिला रोझेट बॉक्स शोधा, जिथे ड्रॉप वायर घरात येते तो. त्यात स्क्रूखाली एकापेक्षा जास्त जोड्या दिसतील: एक बाहेरून आलेली, बाकी आत गेलेल्या. बाहेरची कुठली ते ठरवायला एका वेळी एकच जोडी स्क्रूखाली ठेवा, बाकी सगळ्या मोकळ्या करा आणि एक चालू फोन त्या स्क्रूवर लावा. डायल टोन आला की स्क्रूखाली उरलेली ती बाहेरची. हातमोजे घाला किंवा निदान दोन्ही वायरींना एकाच वेळी उघड्या हाताने धरू नका, रिंग कधीही येऊ शकते. आता शेजारी दुसरा रोझेट बॉक्स बसवा. पहिल्यात फक्त बाहेरची जोडी ठेवा. पहिल्यातून वायर स्प्लिटरच्या 'लाइन'मध्ये, 'फोन'मधून निघालेली वायर दुसऱ्या रोझेटमध्ये, आणि घरातल्या सगळ्या पॅरलल जोड्या दुसऱ्या रोझेटच्या स्क्रूखाली. मोडेमची वायर स्प्लिटरच्या 'मोडेम'मधून सरळ. आता मागच्या खोलीतला विसरलेला फोन, गच्चीतली घंटी, माळ्यावरची मोकळी वायर, सगळं एकाच भिंतीमागे गेलं. पुढे कुणी आणखी फोन लावला तरी नेटला धक्का नाही.

स्क्रूखाली वायर घेताना जुना काळपट पडलेला भाग कापून नवीन सोलून घ्या. एकाच स्क्रूखाली तीन-चार वायरी पिळून घातल्या की एक तरी ढिली राहते. वायर जोडायची वेळ आलीच तर जेली भरलेले दाबायचे कनेक्टर वापरा. पीळ घालून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला सांधा सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत सुटतो, टेपचा गोंद वितळून खाली ओघळलेला दिसतो.

आता मोडेम कुठे ठेवायचा? पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून बरेच जण फोनची चपटी वायर पंधरा-वीस मीटर ओढत आतल्या खोलीत नेतात आणि मोडेम तिथे ठेवतात. हे टाळा. त्या चपट्या वायरीला पीळ नसतो, आणि पीळ नसलेली लांब वायर म्हणजे गोंगाट पकडणारी अँटेना. मोडेम रोझेटपासून दोन-तीन मीटरच्या आत ठेवा आणि आत न्यायची ती लॅनची केबल न्या. ती शंभर मीटरपर्यंत काही न गमावता चालते. टोकाला दुसरा वायफाय राउटर लावा. फोनचीच वायर लांबवणं भाग असेल तर कॅट ५ केबलमधली एक पिळाची जोडी वापरा, निळी आणि पांढरी-निळी. एक वायर एका जोडीतून आणि दुसरी वेगळ्या जोडीतून अशी मिसळ करू नका, पिळाचा सगळा फायदा जातो.

फिल्टर ठीक असूनही लाइन पडते तेव्हा

पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ या पट्ट्यात, खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर घर ही रचना जुनी आहे. चादर-टॉवेलचे माग चालतात, प्रत्येक मागाला मोटर, प्रत्येक मोटरला स्टार्टर. स्टार्टरचा संपर्क जुळताना आणि सुटताना ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी सगळ्या फ्रिक्वेन्सींवरचा धक्का. तो विजेच्या वायरीतून शेजारच्या फोनच्या वायरीत उतरतो. स्प्लिटरला यात दोष देता येत नाही, त्याची भिंत फोनच्या बाजूला आहे आणि हा गोंगाट मोडेमच्या बाजूने येतो. उपाय वायरिंगमध्ये आहे. फोनची वायर आणि लाइटची वायर एका केसिंग पट्टीत कधीही नको. दोघींमध्ये फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची तर काटकोनात ओलांडा. ड्रॉप वायर कारखान्याच्या पत्र्याखालून आणू नका, बाहेरच्या भिंतीवरून वर घ्या.

गोंगाट कुठून येतो ते शोधायला घरातला जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर कामाला येतो. मीडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर एडीएसएल टू प्लसच्या पोटात. सेलवर चालवा, ६०० च्या आसपास जिथे कुठलंही केंद्र लागत नाही तिथे काटा ठेवा, आणि फोनच्या वायरीच्या कडेकडेने फिरवा. जिथे खरखर वाढते तिथे काहीतरी आहे. स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोबाइलचा हलका चार्जर, आणि कधीकधी खुद्द मोडेमचाच बदललेला ॲडॉप्टर. एकेक बंद करत गेलं की गुन्हेगार सापडतो.

मोडेम स्वतःच बरंच सांगतो. ब्राउझरमध्ये बहुतेक मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. स्टेटसमध्ये डीएसएलचं पान उघडा आणि दोन आकडे बघा. एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे, ते ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन पडायला लागते, १० च्या वर असेल तर निश्चिंत. दुसरा ॲटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्यावर किलोमीटरमागे साधारण १३-१४ डेसिबल झिजतात, त्यावरून एक्स्चेंजपासून वायरीची लांबी काढता येते. शहराच्या कडेच्या हद्दवाढ भागात लाइन लांब आणि ॲटेन्युएशन ४० च्या पुढे असेल, तर तिथे मार्जिन आधीच कमी असतं. एक्स्चेंजजवळच्या घरात जो बिनफिल्टरचा फोन खपून जातो, तोच इथे नेट पाडतो. शेजाऱ्याकडे चालतं मग माझ्याकडे का नाही, याचं उत्तर बहुधा यात असतं.

तपासणी पायरीपायरीने करा आणि प्रत्येक पायरीला मार्जिन कागदावर लिहा. आधी सगळं काढून फक्त मोडेम थेट पहिल्या रोझेटवर. मग मध्ये स्प्लिटर, फोन न लावता. आकडा एखाद्या डेसिबलपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग एक फोन, ठेवलेला. मग तोच उचलून. मग मोबाइलवरून घरच्या नंबरावर रिंग देऊन. मग पुढचा फोन. ज्या पायरीला आकडा कोसळला ती वस्तू, किंवा तिचा फिल्टर, बदला. पहिल्याच पायरीला, फक्त मोडेम असताना मार्जिन कमी असेल, तर दोष घराबाहेर आहे. कितीही स्प्लिटर बदलले तरी उपयोग नाही.

कानाचाही उपयोग करा. फोन उचलून एक आकडा दाबा, डायल टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. त्या शांततेत एकसारखी 'सुंऽऽ' म्हणजे फिल्टर. अधूनमधून 'कटकट, चरचर' म्हणजे ढिला किंवा गंजलेला सांधा. 'हूंऽऽ' असा घरघराट म्हणजे दोनपैकी एक वायर कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा लोखंडाला टेकली आहे. दोन्ही वायरी सारख्या असल्या तर बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडून एकमेकांत खोडला जातो. एक टेकली की हा तोल जातो.

एक लक्षण लोकांना फार गोंधळात टाकतं: फोनवर बोलत असताना नेट छान चालतं आणि फोन ठेवला की पडतं. हा फिल्टरचा दोष नाही. वाटेतल्या सांध्यावर गंजाचा थर आहे. फोन उचलला की वीस-तीस मिलिॲम्पिअरचा प्रवाह वाहतो, तो थर भेदून जातो आणि सांधा तात्पुरता चांगला होतो. फोन ठेवला की प्रवाह थांबतो, थर पुन्हा आड येतो. लाइनमनला हे वाक्य जसंच्या तसं सांगा, तो थेट सांधे शोधायला लागेल.

नेट कधी पडतं याची वेळसुद्धा टिपा. रिंगबरोबर पडत असेल तर आधी फिल्टर. सकाळी माग सुरू होताना पडत असेल तर गोंगाट. पाऊस झाल्यावर पडून दोन दिवसांनी आपोआप सुधारत असेल तर डीपीतला किंवा ड्रॉप वायरीचा सांधा. सोलापूरला जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यामुळे जूनमध्ये नीट वाटलेला सांधा परतीच्या पावसात उघडा पडतो. आणि एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी दोन ते पाच पडत असेल तर मोडेमला हात लावून बघा. घरगुती मोडेम साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे बाहेरच ४२-४३ असतात. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, दुसऱ्या डब्यावर ठेवलेला मोडेम तापून लाइन सोडतो. भिंतीवर उभा टांगा, चारी बाजूंनी हवा लागू द्या.

वळवाच्या पावसाचे ढग दिसले की मोडेमची दोन्ही टोकं काढा, लाइटचीही आणि फोनच्या लाइनचीही. फक्त स्विच बंद करून भागत नाही, वीज बरेचदा फोनच्या वायरीने येते. स्पाइक गार्डवर किंवा यूपीएसवर फोनच्या वायरीसाठी दोन भोकं असतात, त्यातून लाइन नेताना जपून. काहींच्या आतले सुटे भाग जास्त कपॅसिटन्सचे असतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच जिरतात. लावण्याआधीचं आणि नंतरचं मार्जिन बघा. दोन डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर त्यातून फक्त फोनची लाइन न्या, स्प्लिटरच्या पुढची. संरक्षण हवंच असेल तर गॅस ट्यूबवाला अरेस्टर घ्या, त्याची कपॅसिटन्स नगण्य असते. वीज पडून गेल्यावर मोडेम चालू असला तरी स्प्लिटर वर सांगितल्याप्रमाणे ओहमवर तपासा. फोन मुका झाला आणि नेट मात्र चालू आहे, असं दिसलं तर कॉइल गेली समजा.

लाइनमन येणार असेल तर त्याच्यासाठी चार गोष्टी कागदावर काढून ठेवा: फक्त मोडेम लावून आलेलं मार्जिन आणि ॲटेन्युएशन, नेट पडण्याच्या वेळा, शांततेत ऐकू आलेला आवाज, आणि घरातल्या सगळ्या फोन-वस्तूंची यादी. पहिला रोझेट बॉक्स कपाटामागे असेल तर कपाट आधीच सरकवून ठेवा.